अडकलेला एक्सल शाफ्ट घणाने नाही, दमाने निघतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरीजवळ छोटं गॅरेज चालवतो, सत्तावीस वर्षं झाली. पेपर रोज वाचतो पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय, त्यामुळे लिहिण्यात इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या. विषय मागच्या चाकाच्या बेअरिंगचा आहे, म्हणजे ओम्नी, ईको, जिप्सी असल्या गाड्यांचं मागचं बेअरिंग बदलताना एक्सल शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, अडकून बसतो आणि मग तो काढायला जे काय केलं जातं त्याचा. वाचणाऱ्याला वाटेल हे काय पेपरात लिहायचं, पण आमच्याकडे शाळेच्या पोरांना ने-आण करणाऱ्या कितीतरी ओम्नी अजून चालू आहेत, कंपनीने ती गाडी २०१९ मध्ये बंद केली तरी रस्त्यावरून काय गेली नाही, आणि जून आला की या सगळ्या गाड्या एकदम कामाला लागतात.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक व्हॅन माझ्याकडे ओढून आणली. चढावर मागचं डावं चाक कलंडलं आणि टायर बॉडीला घासायला लागलं. आत सहा पोरं होती, कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. ड्रायव्हर ओळखीचा, पन्नाशीचा माणूस, त्याचे हात थरथरत होते, म्हणाला मिस्त्री, तीन महिन्यांपूर्वीच बेअरिंग नवीन टाकलंय हो. मी चाक काढलं, ड्रम काढला, शाफ्ट ओढला तर अर्धाच हातात आला. बेअरिंगच्या मागे ते शाफ्टवर धरून ठेवणारी जी लोखंडी रिंग असते तिच्या आतल्या कडेला तुटलेला, आणि रिंगवर वेल्डिंगचे दोन टाके. बेअरिंग बाहेरच्या प्लेटने धरून ठेवलं होतं म्हणून चाक सुटून गेलं नाही, नाहीतर काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

तो तुटलेला तुकडा मी पुसून उन्हात धरला. ओहोटीनंतर वाळूवर रेघा राहतात ना एकामागे एक, अगदी तशा रेघा लोखंडावर होत्या, आणि सगळ्या रेघा एका टाक्यापासून सुरू झालेल्या. तेवढा भाग काळपट, म्हणजे तिथे जुनी भेग होती आणि ती रोज थोडी थोडी पुढे सरकत होती, आणि उरलेला कोपरा चकचकीत दाणेदार, तो त्या दिवशी चढावर तुटला. या गाड्यांमधे शाफ्ट नुसता चाक फिरवत नाही, गाडीचं वजनपण त्याच्यावरच असतं, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो खालीवर वाकतो, आपल्याला दिसत नाही एवढंच. ओम्नीचं बारा इंची चाक एका किलोमीटरला जवळजवळ ६०० फेरे घेतं, म्हणजे रत्नागिरीहून चिपळूणला नुसतं एकदा जाऊन पोचलं तरी पन्नास हजारांच्या वर फेरे झाले. त्या प्रत्येक फेऱ्याला ती भेग उघडते आणि मिटते.

आता हे टाके मारले का, तर त्याची सुरुवात शाफ्ट अडकण्यापासून होते. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, हवा खारट, त्यात मिरकरवाड्याहून मासळी नेणाऱ्या गाड्या तर विचारूच नका, क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी फटीफटीतून थेट एक्सलवर गळत असतं. बेअरिंगची बाहेरची कडी हाउसिंगमधे, म्हणजे शाफ्ट ज्या लोखंडी नळीत असतो तिच्यात, जिथे बसते तिथे हे पाणी शिरतं, गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो त्यामुळे बेअरिंग पाचर मारल्यासारखं घट्ट होतं. वर मुंबई-गोवा हायवेचे खड्डे आहेतच. बेअरिंग आवाज करायला लागतं, घूं घूं, स्पीड वाढेल तसा वाढतो, लोक महिनोन् महिने टायरचा आवाज समजून चालवतात, आणि गाडी आणतात तेव्हा म्हणतात दोन तासात द्या, संध्याकाळी ट्रिप आहे.

इथेच सगळं बिघडतं. कारण ट्रकवाल्यांनी बघितलेलं असतं की आठ बोल्ट काढले, मधे पितळी हातोड्याचा एक ठोका दिला की बोल्टखालचे कोन, म्हणजे निमुळत्या कड्या, उडतात आणि शाफ्ट अलगद बाहेर, चाकाला हातसुद्धा लावावा लागत नाही. एक ट्रकमालक माझ्याकडे ओम्नी घेऊन आला होता आणि याच्यावरून माझ्याशी वाद घालत होता, म्हटलं मामा, तुमच्या ट्रकचं वजन हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर असतं, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो, इथे बेअरिंग शाफ्टवरच प्रेस केलेलं आहे, बेअरिंगसकट शाफ्ट बाहेर ओढायचा असतो. त्यांना पटायला वेळ लागला पण पटलं.

शाफ्ट निघेना की मग काय करतात तर फ्लँजच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या ज्या तबकडीवर चाक बसतं तिच्या, मागून घण. एका बाजूने मारला की फ्लँज वाकते, केसाएवढीच वाकते, पण मग ड्रम तिरका फिरतो आणि ब्रेक मारला की गाडी थडथडते, आणि गिऱ्हाइकाला सांगतात ड्रम खराब झालाय, नवीन घ्या. दुसरं म्हणजे गॅसचा बर्नर. आणि बाहेर काढल्यावर जुनी रिंग निघत नाही म्हणून तीपण गॅसने कापतात, त्यात शाफ्टला चर पडला तरी कुणाला दिसत नाही, वर नवीन रिंग बसते. पॉलिश लोखंड तापवलं की आधी पिवळसर होतं, मग साधारण ३०० डिग्रीला निळं होतं, शाफ्टवर निळा पट्टा दिसला की समजायचं त्याचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. आणि नवीन रिंग ढिली बसली, फिरेल अशी भीती वाटली, की वेल्डिंगचे दोन टाके. त्या व्हॅनचं असंच झालं होतं. कुठल्या गॅरेजमधे झालं ते मला ड्रायव्हरने सांगितलं, मी इथे लिहीत नाही, कारण हे एका गॅरेजचं नाही, मी स्वतः शिकत होतो तेव्हा माझ्या उस्तादाच्या हाताखाली गॅसने रिंगा कापल्या आहेत आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

खरी पद्धत अवघड नाही, फक्त वेळ लागतो. पुढच्या चाकांना गुटके लावायचे, मागे स्टँडवर घ्यायची, नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. गिअर ऑइल काढायचं. ड्रम निघत नसेल तर ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात, त्यात ८ एमएमचे दोन बोल्ट एकसारखे आवळत नेले की तो पुढे येतो, घण लागत नाही. ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल सोडायची, कारण शाफ्टबरोबर ती मागची प्लेटपण बाहेर येते, हे विसरलं की पाइप पिळतो. प्लेटचे चार नट काढायचे, बेअरिंगच्या कडेला गंजावरचा स्प्रे भरपूर मारायचा, हाउसिंगला बाहेरून हलक्या हाताने गोल ठोकायचं, आणि घरी जायचं. खरंच सांगतो, घरी जायचं. रात्रभर तेल आत मुरून जे काम करतं ते सकाळी माणसाने करायला गेलं तर दुप्पट घाम निघतो.

सकाळी स्लाइड हॅमर. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, एक लांब सळई, तिच्या एका टोकाला चाकाच्या स्टडवर, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांवर, बसणारी पट्टी, सळईवर सरकणारं जड वजन आणि बाहेरच्या टोकाला अडण, वजन जोरात आपल्याकडे ओढलं की ते अडणावर आपटतं आणि झटका सरळ शाफ्टच्या रेषेत बसतो, तिरका नाही. पाच झटके, मग शाफ्ट थोडा फिरवायचा, परत स्प्रे, परत पाच. एकदा केसभर हलला की समजा निघाला. माझा स्लाइड हॅमर लेथवाल्याकडून बनवून घेतलेला आहे, जुन्या शाफ्टचीच सळई केलीय, वीस वर्षं चालतोय. तो नसेल तर जुना ड्रम उलटा लावून, नट चार आट्यांवर ठेवून, ड्रम दोन्ही हातांनी झटके देऊन नटांवर आपटायचा, हे पण चालतं, स्टडचे आटे मात्र खराब होऊ शकतात ते बघायचं.

कधीकधी बेअरिंग आतच फुटतं आणि बाहेरची कडी हाउसिंगमधे राहते. अशा वेळी बॅटरीची वायर काढून कडीच्या आतल्या अंगाला वेल्डिंगची एक रेघ गोल फिरवायची, थंड होताना कडी आकसते आणि बोटाने निघाल्यासारखी निघते. वेल्डिंग वापरायची ती इथे, फेकायच्या कडीवर, शाफ्टवर नाही.

जुनी रिंग काढायला ग्राइंडर. समोरासमोर दोन जागी घासायची, कागदाएवढी पातळ राहिली की थांबायचं, शाफ्टला ग्राइंडर लागता कामा नये, मग छिन्नी ठेवून एकच ठोका, टण्ण आवाज येतो आणि रिंग सुटते. तो आवाज आमच्या पोरांना आता ओळखू येतो. नवीन बेअरिंग, नवीन सील, नवीन रिंग, तिन्ही. काढलेलं बेअरिंग कितीही चांगलं वाटू दे, सगळे झटके त्याच्या गोळ्यांनी खाल्लेले असतात, ते परत टाकायचं नाही. जुनं सील ठेवलं तर गिअर ऑइल ब्रेकच्या लायनरवर येतं. आणि रिंग हायड्रॉलिक प्रेसवरच बसवायची, प्रेसचा दाबाचा काटा वर न जाता ती सरकन बसली तर शाफ्टची जागा झिजलेली आहे, तो शाफ्ट बदलायचा, कारण त्या गाडीचं अख्खं चाक त्या एका रिंगने आत धरून ठेवलेलं असतं. टाके मारून तो शाफ्ट पोरांच्या व्हॅनमधे पाठवायचा नाही, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

व्हॅनवाल्या भावांना विनंती, हे काम शाळा उघडल्यावर नको, मे महिन्यात करून घ्या आणि गॅरेजवाल्याला दोन दिवस द्या. जुनी रिंग आणि बेअरिंग परत मागून घ्या. रिंग दोन जागी घासून फुटलेली दिसली पाहिजे, वितळलेल्या कडा दिसल्या तर शाफ्ट परत काढून दाखवा म्हणावं, तो तुमचा हक्क आहे. पासिंगला गाडी नेली तरी शाफ्टवरचा टाका हाउसिंगच्या आत असतो, तिथे तो कुणाला दिसणार नाही. पालकांनीसुद्धा व्हॅनवाल्याला दोन दिवस पोरांची सोय स्वतः करतो असं म्हटलं तर त्या माणसाला घाई करावी लागणार नाही, त्याची रोजची कमाई बुडते म्हणूनच तो दोन तासात द्या म्हणतो.

मासळीवाल्यांचं वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गाडी दोन महिने दारात उभी, आणि तेवढ्यात मीठ आपलं काम करतं. गाडी उभी करायच्या आधी एक्सल खालून गोड्या पाण्याने नीट धुवा, आवाज असेल तर बेअरिंग तेव्हाच करून घ्या, ऑगस्टमधे तोच शाफ्ट काढायला दुप्पट त्रास होतो हे मी दरवर्षी बघतो.

आणखी एक, आयटीआयमधून पोरं माझ्याकडे शिकायला येतात, हुशार असतात, इंजिनची माहिती पाठ असते, पण आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी स्लाइड हॅमर हातात धरलेला नसतो. प्रत्येक आयटीआयत एक गंजलेला जुना एक्सल ठेवावा आणि पोरांना तो काढायला लावावा, भंगारात मिळतो, खर्च काही नाही. तोवर माझ्याकडे पाठवलीत तरी चालतील, मी शिकवीन, पैसे नकोत.

तो तुटलेला शाफ्ट मी फेकला नाही. दुकानात टेबलावर तेल लावून ठेवलाय, त्या रेघा अजून स्पष्ट दिसतात. बेअरिंगच्या कामाला कुणी घाई करायला लागलं की मी तो त्याच्या हातात देतो आणि चहा सांगतो.

आपला नम्र,
एक गॅरेजवाला वाचक, रत्नागिरी