नागपूरला शिकणाऱ्या लेकीस

खोपोली, 14 एप्रिल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

आज अग्निशमन सेवा दिन, तुमच्या फायर कॉलेजात परेड झाली असेल. इथे बाबासाहेबांच्या मिरवणुकीची तयारी चाललीय. संध्याकाळी आमच्या, घाटातल्या अपघातांना धावणाऱ्या टीमचे चौघे नाक्यावर उभे राहणार आहेत, म्हणून सकाळीच लिहायला बसलोय.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आता हे थांबवा. ना ट्रेनिंग, ना विमा, पायात सँडल. अपघाताच्या जागी निम्मं नुकसान मदतीला धावलेलेच करतात." तुझ्या आईला ते झोंबलं. मला नाही झोंबलं, कारण तुझं अर्धं म्हणणं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र, फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आधी तुझ्या बाजूचं. मागच्या पावसाळ्यात उतारावर एक ट्रक पुढच्या ट्रेलरमध्ये घुसला. न्यूट्रलवर गाडी सोडली असणार, डिझेल वाचवायचा तो जुना रोग. केबिन चेपलेली, ड्रायव्हर शुद्धीवर, दोन्ही पाय स्टिअरिंगखाली अडकलेले. आम्ही पोचलो तेव्हा सात-आठ जण त्याला काखेत धरून ओढत होते. सगळे चांगले लोक, मदतच करत होते! अशा वेळी गर्दीवर खेकसून काही होत नाही, गर्दीला कामं द्यावी लागतात. "लाल शर्टवाले, मागे जाऊन गाड्या थांबवा. काका, 108 ला फोन लावा, मुंबई लेन म्हणून सांगा आणि त्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून दाखवा." एकाला तर नुसती छत्री धरायला लावली. मग हायड्रा क्रेन आली, डॅशबोर्डला साखळी लावून इंचाइंचाने मागे खेचला, आणि गड्याला मान न हलवता फळीवर घेतला. "साहेब, गाडीचा मालक ओरडेल," एवढंच तो म्हणत होता.

त्या लाल शर्टवाल्याने जाताना हळूच विचारलं, "माझं नाव पोलिसांत जाणार नाही ना?" 2016 ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, 2019 ला मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम घातलं, तरी लोकांच्या पोटातली भीती काही जात नाही. हे कलम मी खिशातल्या कार्डावर छापून घेतलंय, विचारणाऱ्याच्या हातात देतो.

आता माझी बाजू. बोरघाट कागदावर सरळ दिसतो. एक्स्प्रेस वे, जुना हायवे, रेल्वे, बस्स. पण रात्री तीनला धुक्यात "घाटात गाडी पडली" एवढाच मेसेज येतो, तेव्हा कुठल्या रस्त्यावरून पडली आणि कुठल्या रस्त्याने तिच्यापाशी पोचता येईल, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. 15 एप्रिल 2023 ला पहाटे शिंग्रोबाच्या देवळाजवळ गोरेगावच्या ढोल-ताशा पथकाची बस दरीत गेली. तेरा जण गेले, बहुतेक तुझ्याच वयाचे. अंधारात खाली उतरणारे पहिले हात इथल्याच ट्रेकर्सचे, गावातल्या पोरांचे होते. दोराचं काम आम्ही सगळे त्यांच्याकडूनच शिकलो. मला त्यांनी पहिल्या दिवशी गाठ शिकवलीच नाही, झाड शिकवलं. पांगाऱ्याला दोर बांधायचा नाही, खोड मऊ. कडेला एकटं वाढलेलं झाड कितीही जाड असो, त्याच्या मुळाची माती आधी पायाने दाबून बघायची. पावसाळ्यात तर एका झाडावर भरवसा ठेवायचाच नाही, मागे दुसरं बांधायचं. ही यादी तुला कुठल्या मॅन्युअलात मिळणार नाही, आणि मिळाली तरी ती या घाटाची नसेल.

इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती 19 जुलै 2023 ची रात्र तुला आठवत असेल. वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. खालून चढायचं ते चिखलातल्या पायवाटेने, आणि जेसीबी वर चढणार कसा? हेलिकॉप्टर तयार होती, पण हवामानामुळे उडू शकली नाहीत. शेवटी फावडी, घमेली आणि माणसांची साखळी. एनडीआरएफचे जवान कसलेले होते, त्यांच्यासमोर आम्ही काहीच नव्हे. पण चिखलाखाली कुणाचं घर कुठे होतं, हे सांगायला वाडीचाच माणूस लागत होता. तो दाखवायचा तिथे खणायचं. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ताच राहिले. नवी मुंबई अग्निशमन दलातला एक जण चढतानाच हृदयविकाराने गेला. बाहेरून आलेल्याला या चढाचा अंदाज येत नाही, मनू. त्याला कुणीतरी "साहेब, इथे दोन मिनिटं बसा" म्हणायला हवं होतं.

आमची हद्द मात्र आम्ही ओळखतो. टँकर उलटला की गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीच्या आम्ही अलीकडेच. 13 जून 2023 ला कुणे पुलावर टँकर पेटला, तेव्हा जळतं तेल पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि खालून जाणाऱ्यांचे जीव गेले, एकूण चौघे. वर आग लागलीय म्हणताना खालचा रस्ता बंद करायचं कुणाच्या लवकर डोक्यात येतं? त्या दिवसापासून आमच्या टीममध्ये दोघांचं काम ठरलंय, आगीकडे न बघता खाली काय आहे ते बघायचं. बाकी आम्ही वाऱ्याची दिशा बघतो, कॅन घेऊन धावणाऱ्यांना हाकलतो आणि लांबून टँकरवरची पाटी वाचून आतल्या मालाचा नंबर कंट्रोल रूमला सांगतो. 1203 म्हणजे पेट्रोल, 1005 अमोनिया, 1017 क्लोरीन. तेवढं कळलं तरी आगीची गाडी फोम घेऊन निघायची की नाही, हे निघतानाच ठरतं. 1944 ला आजच्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता, त्याच्या स्फोटात 66 फायरमन गेले. आत काय भरलंय ते आधी विचारा, हे त्यांच्यानंतर तरी सगळ्यांना पाठ असायला हवं होतं.

तुझ्या कॉलेजात पहिली मुलगी 2002 ला आली, ती हर्षिनी कान्हेकर. तू तिथे शिकतेस याचा मला किती अभिमान आहे ते नाक्यावरच्या चहावाल्याला विचार, त्याचे कान किटलेत. म्हणूनच मागतो. उद्या तू अधिकारी म्हणून कुठल्या तालुक्याला जाशील. तिथे पहिल्या महिन्यात, काही घडायच्या आधी, दोर घेऊन येणाऱ्या अशा चार पोरांना चहाला बोलाव. त्यांची नावं, फोन, कुणाला काय येतं ते लिहून घे, बूट आणि हेल्मेट मिळवून दे, विम्याच्या कागदावर सही कर. रात्री तीनला त्यांना दोरीपलीकडे उभं करायचं की अलीकडे, हे मग तुला तोंडाकडे बघून ठरवावं लागणार नाही.

एक काम आहे. टँकरच्या पाटीवरचे नंबर आणि कुठल्याला पाणी, कुठल्याला फोम, याचा तक्ता तिथल्या लायब्ररीत असेल तर फोटो काढून पाठव. इंग्रजीत असला तरी चालेल, मराठी मी करून घेतो आणि पेंटरकडून रंगवून घेतो. जुन्या हायवेवरच्या तीन ढाबेवाल्यांनी भिंत द्यायचं कबूल केलंय, चौथा तेलाच्या जाहिरातीचे पैसे मिळतात म्हणून अडलाय.

तुझा,
बाबा