हप्ता साडेअठरा टनांचा, पासिंग सव्वासोळाचं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मागच्या ॲक्सलच्या वजनक्षमतेचा आकडा लेखी मिळण्याबाबत (शेवटची मागणी)

तुमच्या माहितीपत्रकात आणि चेसिसच्या प्लेटवर माझ्या ट्रकचं मालासकट एकूण वजन १८.५ टन आहे. पुढचा ॲक्सल ७, मागचा ११.५. आरसीवर मात्र १६.२: पुढे ६, मागे १०.२. म्हणजे सरकारने जुलै २०१८ मध्ये वजनाची मर्यादा वाढवली त्याच्या आधीचे आकडे, नव्या कोऱ्या गाडीला. आरटीओत म्हणाले, कंपनीने मॉडेलची जी माहिती दिली तीच चढली. कंपनीचं पत्र आणा, दुरुस्त करून देतो. आणि पत्र काही तुम्ही देत नाही.

आज तुमच्या हेल्पलाइनवरच्या साहेबांनी आधी विचारलं, "सर, ॲक्सल पुढचा की डाव्या बाजूचा?" मग होल्ड. मग सनई. परत आले ते म्हणाले, "वजन सरकार ठरवतं, त्यात कंपनीचा संबंध नाही." मी म्हटलं, सरकार कमाल मर्यादा ठरवतं. तुमच्या ॲक्सलच्या हाउसिंगला, स्प्रिंगच्या पाट्यांना, रिमला, ब्रेकला किती झेपतं ते दिल्लीतून कोण सांगणार? तो आकडा तुम्हीच जाहीर करता आणि तपासणी संस्थेकडून मंजूर करून घेता ना? यावर साहेब: "सर, मग टायरमध्ये थोडी हवा जास्त भरा, वजन पेलेल." ट्रक बनवणाऱ्या कंपनीचा हा सल्ला! मी विचारलं, हे लेखी द्याल का? "कॉल रेकॉर्ड होतोय, सर." होऊ द्या. जपून ठेवा, पुढे मीच मागवणार आहे.

इकडे प्रत्येक खेपेला २.३ टन, म्हणजे साखरेची ४६ पोती, गोदामातच राहतात. भरली तर वजनकाट्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम १९४: २०,००० रुपये, वर जादा टनामागे २,०००, शिवाय माल उतरवायचा खर्च माझ्याच माथी. हप्ता भरतोय साडेअठरा टनांच्या गाडीचा, भाडं मिळतंय सव्वासोळाचं. हे मी ईमेलमध्येही लिहिलं होतं. उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार." अभिप्राय नव्हता तो.

पत्र या आठवड्यात हवं, भरपाईचं नंतर बोलू. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. गाडी धंद्याची म्हणून सुटू असं तुमच्या वकिलांना वाटत असेल, तर त्यांना २०१९ च्या कायद्यातलं स्वयंरोजगाराचं स्पष्टीकरण वाचायला सांगा. एकच गाडी आहे आणि मीच चालवतो.

वडिलांनीही आयुष्यभर तुमचीच गाडी चालवली. तिच्या प्लेटवर आणि आरसीवर एकच आकडा होता.

एक गाडीमालक