बदललेला सल्ला उघडपणे सांगावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक आरोग्य सभेने २० मे २०२५ रोजी महासाथ करार मंजूर केला. लसी आणि औषधांच्या न्याय्य वाटपावर त्यात भर आहे, तो योग्यच आहे. परंतु साथीच्या काळात लोकांशी बोलावे कसे, याचाही तितकाच गंभीर विचार व्हायला हवा, म्हणून हे पत्र.

२८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ट्विटरवर कोविड हवेतून पसरत नाही, असे ‘सत्य’ या शब्दाखाली जाहीर केले. सोबतचा सल्ला एक मीटर अंतराचा, पृष्ठभाग निर्जंतुक करण्याचा, हात धुण्याचा आणि चेहऱ्याला हात न लावण्याचा होता. संसर्ग-नियंत्रणाच्या परिभाषेत ‘हवेतून’ या शब्दाला गोवर, क्षय अशा आजारांपुरता काटेकोर अर्थ होता, हे खरे. पण सामान्य माणूस ते वाक्य ‘श्वासाची भीती नाही’ असेच ऐकणार. पुरावा अपुरा असेल तर ‘अजून ठामपणे सांगता येत नाही’ एवढेच म्हणता येते.

कोविड हवेतूनही पसरू शकतो हे मान्य करा, असे आवाहन जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन या शास्त्रज्ञांनी केले आणि त्याला २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिला. तरीही संघटनेच्या संकेतस्थळावरील मजकूर टप्प्याटप्प्याने, फारसा गाजावाजा न होता बदलत गेला आणि ‘हवेतून’ हा शब्द तिथे यायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. ही कबुली फार आधी द्यायला हवी होती, असे तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी २०२२ मध्ये पद सोडताना मोकळेपणाने सांगितले. त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो. मास्कबाबतचा बदल मात्र याच संघटनेने ५ जून २०२० रोजी पत्रकार परिषदेत, कारणांसह सांगितला होता. म्हणजे हे जमते.

२०२१ च्या एप्रिलमध्येही आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन घरात घेत होतो आणि आजारी माणसाच्या खोलीची खिडकी मात्र घट्ट लावलेली होती. आमच्यासारखी घरे थोडीथोडकी नसतील.

माझी मागणी साधी आहे. सल्ला बदलला की तो त्याच दिवशी, तितक्याच ठळकपणे आणि लोकांच्या भाषांमध्ये जाहीर व्हावा. कोणत्या नव्या माहितीमुळे बदलला, तेही सांगावे. आणि जुने वाक्य पुसून न टाकता, त्यावर रेघ मारून, तारखेसह वाचता येईल असे ठेवावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे