पिढीजात धंद्याचे करारपत्र वेळेत करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणातला पिढीजात धंदा बंद पडला की मुले मुंबईला गेली, त्यांना कष्ट नकोत, असे सरसकट म्हटले जाते. आमचा अनुभव वेगळा आहे. वेंगुर्ले तालुक्यात आजोबांनी घराच्या पडवीत सुरू केलेला आमसुले, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आंबापोळीचा धंदा आज तिसऱ्या पिढीकडे आहे. तो बुडायची वेळ आली ती धाकटे काका ऐन मे महिन्यात वारले तेव्हा.

वडील आणि दोन काका अशी तिघांची भागीदारी होती. जुन्या दोनपानी करारपत्रात नफ्याची वाटणी होती, पण भागीदार गेल्यास पुढे काय, याची एक ओळही नव्हती. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते, हे आम्हाला बँकेने चालू खाते गोठवल्यावर कळले. अंगणात रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, टोपल्या, ते फोडायला आलेल्या बायका दारात, आणि मजुरी द्यायला पैसे नाहीत. ती शेवटी काकूने, सुतकात असताना, स्वतःच्या बचतीतून दिली. फोडलेली साले मिठाच्या रसात बुडवून उन्हात सुकवायची, अशी एकामागून एक पुटे मृगाआधी पुरी व्हावी लागतात. आमची चारच झाली आणि पाऊस आला. त्या वर्षीची बरीचशी सोले बुरशीने गेली.

त्यानंतर नवे करारपत्र केले. भागीदार वारला तरी फर्म चालू राहील, वारसांचा हिस्सा कसा मोजायचा आणि किती हप्त्यांत द्यायचा, हे त्यात लिहिले. दोघेच भागीदार असतील तर मात्र असे कलमही कामी येत नाही, म्हणून पुढच्या पिढीतील एकाला हयातीतच भागीदार करून घ्यावे, असे वकिलांनी सांगितले. जो कारखान्यात राबतो त्याला दरमहा पगार, मुंबईच्या भावाला फक्त नफ्यातला वाटा, आणि घरखर्चासाठी गल्ल्याला हात नाही, हेही तेव्हाच ठरले. पूर्वी गणपतीला सगळे जमले की हिशेबावरून धुसफूस व्हायची, ती थांबली.

मुलींचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे, तरी लग्न झाले की हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्याची घाई आपल्याकडे होते. आमच्या फर्ममध्ये काकांच्या जागी त्यांची मुलगी भागीदार आहे, आणि रातांब्यांची खरेदी तीच सांभाळते.

जिल्हा उद्योग केंद्राने कर्ज आणि यंत्रसामग्रीबरोबर करारपत्र, वारसनोंद आणि परवान्यावरील नावबदल यांचेही मार्गदर्शन तालुक्याच्या ठिकाणी द्यावे, आणि तेही मार्चपूर्वी, कारण हंगाम सुरू झाला की कोणालाही कारखाना सोडून येता येत नाही.

— एक कोकम उत्पादक, वेंगुर्ले