डांबर पडण्याआधी वाटांची नोंद करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आणि खाड्यांवरच्या नव्या पुलांच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी येतात, मी त्या आवर्जून वाचतो. पण ज्यांची कधीच बातमी होत नाही अशा वाटांविषयी मला लिहायचे आहे. सड्यावरच्या, म्हणजे सपाट कातळमाथ्यावरच्या गाडीवाटा, दोन गडग्यांमधल्या (दगडी बांधांमधल्या) अरुंद पाणंदी, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या पाखाड्या. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून, म्हणजे जमिनीची मोजणी करण्यात माझी हयात गेली. गाव नकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायवाट एका तुटक रेषेने. आमच्या राजापूर तालुक्यातले हे नकाशे मी पुष्कळ हाताळले. त्यांवरच्या कितीतरी वाटा आज जागेवर जाऊन शोधाव्या लागतात.

मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये तुलूझला असते. गणपती आटोपून आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. मी इथेही आंब्याच्या बागेत सायकलनेच जातो, म्हणून तिने मला तिथे ग्रॅव्हल सायकल भाड्याने घेऊन दिली. हल्ली पुण्या-कोल्हापूरची मुले अशा सायकली घेऊन आमच्या बाजूला येतात. हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले, पण टायर चाळीसेक मिलिमीटर रुंद आणि हवा जरा कमी भरलेली. डांबरावर ती पळते आणि खडीवर घसरत नाही.

तुलूझहून निघालो ते कनाल द्यु मिदीच्या काठाने. पिएर-पॉल रिके यांच्या देखरेखीखाली 1666 ते 1681 या काळात खोदलेला हा 240 किलोमीटरचा कालवा 1996 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पहिले पन्नासेक किलोमीटर काठाची वाट डांबरी आहे. पुढे माती आणि खडी, मधूनमधून चिनाराची मुळे वर आलेली. यातली बरीच झाडे बुरशीच्या रोगाने गेली, तोडलेल्या झाडांच्या जागी नवी रोपे लावली आहेत. नोरूझला कालव्याची सर्वांत उंच जागा येते. तिथून पाणी एकीकडे अटलांटिकच्या दिशेने आणि दुसरीकडे भूमध्य समुद्राच्या दिशेने जाते. हे पाणी येते कुठून, असे मी मुलीला विचारले. ती म्हणाली, "बाबा, आता तिकडेच जायचंय." काळ्या डोंगरातले ओढे अडवून ते पाणी एका अरुंद चरातून नोरूझपर्यंत खेळवले आहे. आपल्या बागेत शिंपण्याला पाट असतो, अगदी तसाच. उतार इतका अलगद की पाणी चालते आहे हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. मोजणीतल्या माणसाला त्याचे मोल सांगायला नको. साडेतीनशे वर्षांपूर्वी, त्या काळच्या साधनांनी रिके यांनी हा उतार साधला. त्या पाटाच्या कडेची मातीची वाट म्हणजेच तिथल्या सायकलवाल्यांचा आवडता मार्ग. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला वाळून काळी पडलेली सूर्यफुले.

त्या वाटेवर सोयी म्हणाल तर फार थोड्या. फाट्यावर लाकडी खांब, त्यावर गावाचे नाव आणि किलोमीटर. वाट जिथे गाडीरस्त्याला मिळते तिथे लाकडाचे दोन अडसर, एकापुढे एक, वाकडे लावलेले. मोटार आत येत नाही, माणूस आणि सायकल वळसा घालून सहज जाते. मी वितीने फट मोजली. सायकलचे हँडल निघेल आणि वर चार बोटे उरतील एवढीच ती होती. पाणी लागले की गावच्या दफनभूमीतल्या नळावर बाटली भरायची, असा तिथल्या सायकलवाल्यांचा रिवाज आहे. आपल्याकडे देवळाची विहीर आहेच.

मला खरे कौतुक वाटले ते नोंदींचे. मुलीने सगळा मार्ग त्यांच्या सरकारी नकाशावरून आखला होता. तो संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो आणि त्यावर जमिनीचे तुकडेही दिसतात. शेताशिवारातल्या ज्या वाटा गावच्या मालकीच्या आणि सर्वांना खुल्या असतात, त्यांना तिथे 'शेमँ रुराल' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याकडे जमिनींच्या एकत्रीकरणाची मोठी मोहीम झाली, ट्रॅक्टरसाठी शेते मोठी केली गेली. त्यात कुंपणाची झाडी गेली आणि वाटाही नांगराखाली गेल्या. मग 22 जुलै 1983 च्या कायद्याने जिल्ह्यासारख्या घटकावर भटकंतीच्या वाटांचा आराखडा करण्याचे काम सोपवले. गावच्या सभेने ठराव करून एखादी वाट त्या आराखड्यात घातली, की ती विकून मार्ग तोडता येत नाही. विकायचीच असेल तर मार्ग चालू ठेवावा लागतो किंवा योग्य पर्यायी वाट द्यावी लागते, नाहीतर व्यवहारच रद्दबातल. एवढ्या एका तरतुदीवर तिथल्या गावांनी आपल्या वाटा राखल्या आहेत.

कच्ची वाट म्हणजे मागासपणा, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. त्यांनी 2024 ची तूर द फ्रान्स आठवावी. त्रुआ शहराभोवतीच्या नवव्या टप्प्यात जगातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीचे सायकलपटू शेतां-मळ्यांमधल्या पांढऱ्या खडीच्या वाटांवरून धावले. असे चौदा तुकडे होते, मिळून 32 किलोमीटर. त्यांतल्या बऱ्याच वाटा एरवी द्राक्षमळ्यांतल्या ट्रॅक्टरच्या वहिवाटीच्या. धुरळ्यातून जाणारे ते खेळाडू जगभर दिसले. कोणी त्या भागाला मागास म्हटले नाही.

आता आमच्याकडचे सांगतो. आडिवरे, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ या भागातला सडा पावसाळा सरताना पाहावा. तेरडा आणि सीतेची आसवे या रानफुलांनी कातळ झाकलेला असतो. तिथेच कातळशिल्पे, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रे आहेत, 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली. त्यांच्याकडे जाणाऱ्या जुन्या गाडीवाटा ग्रॅव्हल सायकलसाठीच केल्या असाव्यात, अशा आहेत. जांभा घट्ट, वर बारीक मुरूम, चढउतार फार नाही. खाली खाडीकडे उतरताना मात्र पाखाडी लागते, तिथे सायकल खांद्यावर. पावसाळ्यात हे काही जमायचे नाही. शेवाळावरून पाय सटकतो, लाल चिखल चाकात बसतो. पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने कमी नाहीत, आणि ते आंब्याच्या हंगामाच्या आधीचे, घरे मोकळी असण्याचे आहेत. तरीसुद्धा या वाटांवर दोनच गोष्टी होताना दिसतात. एक तर जेसीबी आणून त्या रुंद केल्या जातात, नाहीतर बाहेरचा कोणी जमीन घेतो आणि वाट कुंपणात जाते. आमच्या वाडीतून सड्यावर जाणारी पाणंद अशीच गेली. दोन्ही बाजूंचे कमरेएवढे गडगे उचकटून त्याचा दगड बांधकामाला वापरला आणि तोंडावर सिमेंटचे खांब रोवून तार ओढली. माझे वडील त्याच पाणंदीने गुरे सड्यावर नेत.

कायदा आपल्याकडे नाही असे नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार अडवलेला रस्ता मोकळा करून देऊ शकतात. पण त्याचा भर शेतात जाण्याच्या वाटेवर आहे, आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो. मुंबईतल्या चाकरमान्याला वाट बंद झाल्याचे कळते ते शिमग्याला किंवा गणपतीला. तोवर मुदत टळलेली असते. आणि सड्यावर, देवराईत, कातळशिल्पाकडे जाणारी वाट कोणाच्या शेताची म्हणून मागायची?

प्रत्येक वाडीला डांबरी रस्ता हवाच. रुग्णवाहिका, गॅसची टाकी, आंब्याच्या पेट्या यांना तो लागतो, त्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. मी बोलतो आहे ते त्याखेरीज उरलेल्या वाटांबद्दल. त्यांवर खर्च करू नका, त्या नुसत्या नोंदवा. ग्रामपंचायतीने गाव नकाशावरच्या तुटक रेषा जागेवर चालून पाहाव्यात, कुठली वाट चालू आहे, कुठे तार आहे हे लिहावे आणि ग्रामसभेत ठराव करावा. जिल्हा परिषदेने सगळ्या गावांचे ठराव एकत्र करून जिल्ह्याचे एक वाट-पुस्तक करावे आणि त्यातली वाट बंद करायची तर आधी पर्यायी वाट द्यावी लागेल, असा नियम राज्य सरकारकडे मागावा. कोकण रेल्वेने पॅसेंजर गाड्यांच्या एखाद्या डब्यात सायकली टांगायला हुक लावले तर राजापूर रोडला उतरून माणूस थेट सड्यावर जाईल. फ्रान्सच्या प्रादेशिक गाड्यांत असे हुक मी पाहिले आहेत.

जुने नकाशे वाचायला जड जातात, मोजणीच्या खुणा आता फार जणांना ओळखू येत नाहीत. राजापूर तालुक्यातल्या कोणत्याही ग्रामपंचायतीने बोलावले तर नकाशा घेऊन मी त्यांच्याबरोबर शिवार चालेन. त्याचे मानधन नको. ऑक्टोबरात गवत वाळले की सुरुवात करता येईल.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)