पोलीस तक्रारीने ताब्याची मुदत थांबत नाही

महोदय,

भाऊबंदकीत कुणी कुलूप तोडून घरात ठाण मांडले की लोक 'घरफोडी'ची फिर्याद देतात आणि पोलीस घर मोकळे करून देतील म्हणून वाट पाहत बसतात. तिथेच घात होतो. फौजदारी खटला शिक्षेसाठी असतो. ताबा मागायचा तो दिवाणी कोर्टात.

चोरीसाठी घर फोडले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 331 खाली 10 वर्षांपर्यंत, रात्री फोडले तर 14 वर्षांपर्यंत कैद आहे. पण सारे उद्देशावर अवलंबून. 'हा माझा वाटा' असे प्रामाणिकपणे म्हणणाऱ्यावर चोरीचा हेतू लावणे कठीण. मग बहुधा कलम 329 चे गृह-अतिक्रमण उरते आणि त्याला कैद फार तर 1 वर्ष. तेही संशयापलीकडे शाबित व्हायला हवे. दोषी ठरवताना कोर्ट ताबा परत देण्याचा हुकूम करू शकते, पण बळ वा धाक वापरून ताबा घेतला असेल तरच, आणि तोही निकालापासून महिन्याभरात. निकालच वर्षानुवर्षे लागत नाही, हे वेगळे सांगायला नको.

विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खालच्या ताबा परत मागण्याच्या दिवाणी दाव्यात मात्र मालकी सिद्ध करावी लागत नाही. ताबा तुमचा होता आणि तो संमतीशिवाय, कायदा डावलून काढून घेतला, एवढे पुरे. पुरावा शक्यतेच्या तराजूवर, म्हणजे कुणाची बाजू अधिक संभवनीय यावर, जोखला जातो. ताबा गेल्यापासून 6 महिन्यांत दावा दाखल झाला पाहिजे. पोलीस ठाण्यात मारलेल्या चकरांचे दिवस त्यातून वजा होत नाहीत. शेतजमिनीसाठी मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे जाता येते, मुदत तीच. 6 महिने हुकले तर मालकीवर दावा लावायला 12 वर्षे आहेत, पण तो लांबतो.

फिर्याद द्यावीच, पण जपून. घुसखोरीची नेमकी तारीख लिहावी. 'बऱ्याच दिवसांपासून कब्जा आहे' असे मोघम वाक्य पुढे मुदतीच्या मुद्द्यावर तुमच्याच अंगावर येते. दागिने गेले नसतील तर गेल्याचे लिहू नये. उलटतपासात त्या एका ओळीने सगळी साक्ष डळमळते. फिर्याद आणि पंचनाम्याच्या प्रमाणित नकला घेऊन वीजबिल, घरपट्टी, सोसायटीचा दाखला किंवा सातबाऱ्यावरील पीक नोंदीसह दाव्याला जोडाव्यात. घर तिसऱ्याला विकले जाऊ नये म्हणून तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.

घरमालकांनीही ध्यानात घ्यावे, भाडेकरूचे सामान बाहेर काढून स्वतःचे कुलूप लावले तर तोच भाडेकरू कलम 6 खाली तुमच्यावर दावा लावू शकतो, आणि त्या दाव्याच्या निकालावर अपील नाही.

— एक दिवाणी वकील, सातारा