न जुळणाऱ्या आकड्याविषयी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

ऑनर्सच्या संशोधन प्रकल्पाला मार्गदर्शक मिळाल्या आणि विषयही ठरत आला, हे तुझ्या पत्रातून कळले. फार आनंद झाला. आजवर प्रात्यक्षिकाच्या तासाला तू केलेल्या प्रयोगांची उत्तरे पुस्तकात आधीच छापलेली होती. आकडा जुळला नाही तर आपलेच काही चुकले, असे धरून चालता येत होते. आता तसे उत्तर कोणापाशीच नाही, तुझ्या मार्गदर्शकांपाशीही नाही. म्हणून न जुळणाऱ्या आकड्याचे काय करायचे, याविषयी आज लिहिते आहे.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली नायट्रोजनची घनता मोजत होते, तेव्हा हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांपासून तयार केलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरू लागला. एवढासा फरक तराजूच्या माथी मारणे सोपे होते. त्यांनी मात्र १८९२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकाला पत्र लिहून हा पेच मांडला आणि कोणास कारण सुचते का, असे वाचकांनाच विचारले. पुढे पद्धती बदलून पाहिल्या, तेव्हा फरक नाहीसा होण्याऐवजी जवळजवळ अर्ध्या टक्क्यापर्यंत गेला, आणि १८९४ मध्ये त्यांनी व रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांनी त्यामागचा नवा वायू, आरगॉन, जाहीर केला. मला याहून मोलाची वाटते ती त्यांच्या शतकभर आधीचे शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांची नोंद. १७८५ मध्ये हवेतून विजेच्या ठिणग्या पाडून नायट्रोजन काढून टाकल्यावर एक बुडबुडा काही केले तरी उरतो, आणि तो मूळ नायट्रोजनच्या १/१२० हून अधिक नाही, असे त्यांनी लिहून ठेवले होते. कारण त्यांना ठाऊक नव्हते, तरी मोजून लिहिले, म्हणून शंभराहून अधिक वर्षांनी रॅलींना तोच प्रयोग पुन्हा करून पाहता आला.

माझ्या प्रकल्पात मी असे केले नाही. आलेखाच्या रेषेपासून दूर गेलेली तीन रीडिंगे मी सुट्या कागदावर लिहिली होती. वहीत उतरवताना ती गाळली आणि कागद टाकून दिला. प्रबंध लिहिण्याच्या महिन्यात तसेच विचलन पुन्हा दिसले, तेव्हा पडताळायला हाती काहीच नव्हते. दोष उपकरणाचा होता की द्रावणाचा, हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्याची रुखरुख गेलेली नाही.

म्हणून तुझी प्रयोगवही बांधीव असू दे, पाने क्रमांकित असू देत, आणि नोंद शाईने, त्याच दिवशी, तारखेसह होऊ दे. चुकलेला आकडा एका रेघेने असा खोड, की खालचा आकडा वाचता येईल. कोणते रीडिंग कोणत्या कारणाने वगळायचे, हे मोजमाप सुरू होण्यापूर्वीच मार्गदर्शकांशी बोलून लिहून ठेव, कारण निकाल दिसू लागल्यावर आपल्याला हवे तेच कारण पटू लागते. ब्लँक (नमुन्याशिवायचे रीडिंग) आणि कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) तू घेशीलच, त्याविषयी मी सांगायला नको. प्रश्न मात्र अजून आटोपशीर कर. तुझ्या पत्रात मला तीन प्रश्न दिसले, आणि एका वर्षात त्यांतला एकच नीट पुरा होईल.

पहिले काही आठवडे केवळ उपकरणाचे अंशांकन करण्यात, म्हणजे ते ज्ञात मापांशी ताडून पाहण्यात, गेले तर ते वाया गेले असे समजू नकोस. पहिला आलेख काढलास की मला पाठव, बिंदू रेषेवर बसले नसले तरी.

तुझी,
आई